दक्षिणेची खिडकी पुण्यात काय कामाची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत खिडकीत भाजीची रोपं कशी करायची यावर अर्धं पान आलं होतं. विषय घेतलात ते बरं केलंत, कारण फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला अंगण नाही आणि गच्चीला सोसायटीचं कुलूप, खिडकीच काय ती आपली. पण लेख वाचताना सारखं वाटत होतं की लिहिणाऱ्याची खिडकी इंग्लंडात आहे. दक्षिणेची खिडकी निवडा, हीट मॅट (ट्रेखाली ठेवायची विजेवर तापणारी चटई) घ्या, ग्रो लाइट (रोपांसाठीचा खास दिवा) लावा, शेवटचं हिम पडून गेलं की रोपं बाहेर काढा. अहो कसलं हिम? निफाडकडे एखाद्या थंडीत दवबिंदू गोठतात ते सोडा, पुण्यात मे महिन्यात ग्रिलला हात लावला तर चटका बसतो.

तिकडे रोपं घरात करतात कारण बाहेर गोठतं. लंडनला डिसेंबरात दिवस आठ तासांचाही नसतो आणि सूर्य दक्षिणेला खाली रेंगाळत असतो, मग दक्षिणेचीच खिडकी लागणार ना. आपल्याकडे डिसेंबरात सुद्धा दिवस अकरा तासांचा. आणि शून्य सावलीची बातमी तर तुमच्याच पेपरात दरवर्षी येते, पुण्यात मेच्या मध्याला सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि तिथून जुलैच्या शेवटापर्यंत तो दुपारी डोक्याच्या उत्तरेला असतो. म्हणजे पावसाळी वांगी-टोमॅटोची रोपं करायची नेमकी वेळ, आणि तेव्हाच दक्षिणेच्या खिडकीत उन्हाची तिरीप पण येत नाही, वर छज्जा असेल तर उजेडही बेताचाच. हिवाळ्यात मात्र तीच खिडकी मस्त, ऊन पार सोफ्यापर्यंत येतं. उन्हाळ्यात पूर्वेची खिडकी धरा, सकाळचं ऊन मिळतं आणि दुपारच्या भट्टीतून रोपं वाचतात. पश्चिमेचीच असेल तर चारनंतर जुनी ओढणी आडवी बांधा.

मग आपण तरी रोपं घरात का करायची, तर पाऊस, कबुतरं आणि खारी. जूनच्या पहिल्या सरीतच बाहेरच्या ट्रेमधली माती बियांसकट वाहून जाते. ग्रिलच्या आत असेल तर निदान झारीचं पाणी आपल्या हातात राहतं.

लेखात एक सगळ्यात महत्त्वाची गोष्ट राहिली ती म्हणजे मर. नर्सरीवाल्याला विचारा, तो पहिलं तेच सांगेल. काल सरळ उभी असलेली रोपं सकाळी आडवी, मातीला लागून देठ दोऱ्यासारखा बारीक झालेला, वरची पानं अजून हिरवीगार. लोकांना वाटतं पाणी कमी पडलं, अजून ओततात, आणि उरलेली पण जातात. ही बुरशी आहे, ओल आणि दाटी झाली की येते, आणि पावसाळ्यात पुण्याची हवा म्हणजे तिला आवतणच. त्यामुळे बी दाट पेरू नका, भांड्याला खालून भोकं हवीतच, पाणी शक्यतो सकाळी, आणि वरची माती जरा सुकल्याशिवाय दुसरं पाणी नाही. ट्रायकोडर्मा, म्हणजे या रोगाच्या बुरशीला आवर घालणारी मित्रबुरशी, खताच्या दुकानात मिळतं, पेरायच्या आधी मातीत थोडं मिसळलं तर फरक पडतो. खाली ताटली ठेवा, पण त्यात पाणी साचू देऊ नका (ताटली नसेल तर खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या साड्यांवर ठिबकतं आणि मग सोसायटीच्या ग्रुपवर तुमच्या नावाने मेसेज येतो).

हीट मॅटचं तर विचारूच नका. टोमॅटो आपल्या हवेत आठवड्याभरात उगवतो, मिरचीला आठ-दहा दिवस, थंडीत त्याहून जास्त. डिसेंबर-जानेवारीत मिरची अडून बसली तर इडलीचं पीठ फुगायला जिथे ठेवता तिथे ट्रे ठेवा, उगवेपर्यंत उजेड लागत नाही. मात्र पहिला कोंब दिसला की त्याच दिवशी खिडकीत, एक दिवस जरी अंधारात राहिला तरी काडीसारखा लांब होऊन लोळतो. खिडकीत पण रोपं ग्रिलकडे वाकतात, रोज ट्रे फिरवायचा.

नुसत्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) पोषण जवळजवळ नसतं हे पण लिहायला हवं होतं. पहिली दोन पानं बियाची असतात, त्यानंतर खरं कातरलेलं पान येतं, टोमॅटोचं असेल तर बोटाने चोळलं की टोमॅटोचाच वास येतो, तिथून पुढे खत लागतं, गांडूळखत मिसळलेलं असलं की पुरतं. टोमॅटोचं रोप पंचवीस-तीस दिवसांत लावण्याजोगं होतं, वांगी-मिरचीला आठवडाभर जास्त धरा. लावायच्या आधी चार-पाच दिवस पाणी कमी करून उन्हाची सवय लावायची, गादीवाफ्यावर शेतकरी तेच करतात, त्याने रोपं काटक होतात. आणि भेंडी, गवार, मुळा, गाजर, कोथिंबीर यांची रोपं कृपया कुणी करू नका, ती जागेवरच पेरायची असतात. लेखासोबतच्या फोटोत गाजराचा ट्रे होता म्हणून सांगतोय.

बियांचं पण थोडं. पाकिटातलं बी गुलाबी किंवा निळं दिसलं तर तो औषधाचा थर असतो, ते लहान मुलांच्या हातात देऊ नका, शाळेच्या प्रोजेक्टसाठी तर नाहीच. हायब्रीडचं बी धरून पुढच्या वर्षी लावलं तर फळ तसंच येईल असं नाही. टोमॅटोचं बी धरायचंच असेल तर पुसा रुबी किंवा राहुरीच्या विद्यापीठाचा धनश्री असे सरळ वाण विचारून घ्या, दुकानदार आधी महागडं हायब्रीडच पुढे करतो.

राहुरी, दापोली, अकोला, परभणी अशी चार कृषी विद्यापीठं राज्यात असताना परदेशी व्हिडिओ बघून लेख कशाला लिहायचा, तिथल्या भाजीपाला विभागातल्या कुणाकडून तरी लिहून घ्या ना. पुण्याचं वेगळं, कोकणातलं वेगळं, विदर्भातलं तर फारच वेगळं, अकोल्यात मेमध्ये पूर्वेची खिडकी पण भाजते. आणि छापायचं तर मेच्या सुरुवातीला एकदा आणि सप्टेंबरात एकदा छापा. मागचा लेख ऐन जुलैच्या शेवटी आला, तोवर शेतातली सुद्धा लागवड उरकत आलेली असते.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे