नव्या मधपेट्यांमधली राणी तपासून घ्या

सर्व सभासदांना नमस्कार.

काटोल, कळमेश्वरकडे संत्र्याच्या अंबिया बहाराची फुलं येऊ लागली आहेत. यंदा नव्या पेट्या घेतलेल्यांनी या आठवड्यातच राणी अंडी घालते आहे ना, हे पाहावं. दारावर माश्यांची वर्दळ आहे म्हणजे सगळं ठीक, असं कृपया धरू नका. राणी गेलेली पेटीही काही दिवस तशीच गजबजलेली दिसते.

राणी डोळ्यांना दिसलीच पाहिजे असं नाही. तिला शोधत पेटी फार वेळ उघडी ठेवू नका. सकाळी, ऊन चढण्याआधी, सूर्याकडे पाठ करून मधली फ्रेम (पोळ्याची चौकट) पेटीच्या वरच धरा, म्हणजे राणी पडली तरी आतच पडेल. पोळ्यातल्या घराच्या, म्हणजे षटकोनी कप्प्याच्या, तळाशी तांदळाच्या कणीपेक्षाही बारीक पांढरं अंडं दिसलं की काम झालं. अंडं ३ दिवसांत फुटतं, म्हणजे गेल्या ३ दिवसांत राणी तिथं होती.

एका घरात अनेक अंडी, तीही भिंतींना चिकटलेली, आणि कामकरी माश्यांच्या घरांवर फुगीर टोप्या (झाकणं) दिसल्या, तर राणी नाही, कामकरी माश्याच अंडी घालत आहेत. नवी राणीही सुरुवातीला कधी दोन अंडी घालते, पण तळाशी; घाबरू नका, आठवड्यानं पुन्हा पाहा.

राणी नसेल तर सशक्त पेटीतली ताज्या अंड्यांची फ्रेम द्या. सातेरी आणि मेलिफेरा या मधमाश्यांच्या वेगळ्या जाती आहेत; सातेरीची फ्रेम सातेरीलाच, मेलिफेराची मेलिफेरालाच. शंका वाटली तर फ्रेमचा जवळून फोटो पाठवा.