नाना, त्या दोन सऱ्यांसाठी

ती. नानांस साष्टांग नमस्कार.

हे पत्र तुमची नात मोबाइलवर वाचून दाखवील. चारचौघांनीही वाचावं म्हणून उघडच लिहितेय.

फेब्रुवारीत माझा एम.एस्सी.चा सेमिनार कसा फसला, ते तुम्हाला माहीत आहे. विषय होता कांगारूंचं दूध. आईच्या पिशवीत एका सडाला जेमतेम ग्रॅमभराचंही नसलेलं पिल्लू चिकटलेलं. बाहेर उड्या मारणारं थोरलं मधूनच तोंड आत घालून शेजारच्या सडाला पितं. धाकट्याला पातळ दूध, थोरल्याला सायीसारखं दाट. रक्त एकच, त्यातलं संप्रेरकही तेच. मग धाकट्यानं चोखलं की पान्हा त्याच्याच सडाला का? सरांनी विचारलं आणि मी गप्प.

दुसऱ्या दिवशी अमळनेरला तुमच्या मळ्यात आले. तुम्ही मक्याला पाणी भरत होता. माझं सगळं ऐकून घेतलंत, मग फावड्यानं एका सरीचं तोंड खोल केलंत आणि शेजारच्या सरीला मातीचा उंबरा ठेवलात. पाटात बोटभर पाणी होतं. ते खोल सरीत वळलं, दुसरी कोरडीच. वरून पाणी वाढवलंत तेव्हा दोन्ही भरल्या. म्हणालात, “पानी तेच शे बेटा, तोंड निरायं शे.”

नाना, लिंकन आणि मेरिलिन रेनफ्री या शास्त्रज्ञांनी 1981 साली वॉलबीमध्ये, म्हणजे कांगारूच्या छोट्या भाऊबंदात, नेमकं हेच दाखवलं होतं. तुमच्या म्हशीला ऑक्सिटोसिन या संप्रेरकानं पान्हा येतो. वॉलबीत त्याचा सख्खा भाऊ आहे, मेसोटोसिन. नऊ अमिनो आम्लांपैकी फक्त एक वेगळं. धाकट्याच्या चिमुकल्या चोखण्यानं ते थोडंसंच सुटतं. त्याच्या सडामागची ग्रंथी फार हळवी, तेवढ्यानंही आकसते. थोरल्याची हलत नाही. थोरलं ओढायला लागलं की पाट भरून येतो आणि दोन्हींकडे पान्हा फुटतो. सरीचं तोंड म्हणजे पेशीवरचे रिसेप्टर, संप्रेरक धरून घेणारे. पाठ केलेला तो शब्द मला गुडघाभर चिखलात उभी असताना कळला.

दुसऱ्या खेपेला फळ्यावर आधी दोन सऱ्याच काढल्या. सरांनी तो खडू मागून घेतला आणि पुढच्या वर्गाला स्वतः तेच चित्र काढून दाखवलं.

तुमचे उपकार फार मोठे आहेत, नाना. पोळ्याला येतेय. तोवर कपाशी वर आली असेल. या वेळी पाणी मी भरीन.

तुमची,
शेजारच्या मळ्यातली पोर