रत्नागिरीच्या बिऱ्हाडी गाणी नेताना

गुहागर,
वैशाख वद्य दशमी

चि. अनिकेत यास अनेक आशीर्वाद.

रत्नागिरीच्या नव्या बिऱ्हाडी तू दोन डिस्कांचे नेटवर्क स्टोरेज (घरच्या नेटवर्कला जोडून फाइली ठेवायची पेटी) घेतलेस आणि येथील सगळे संगीत तेथे न्यायचे ठरवलेस, हे ऐकून फार आनंद झाला. ते वाजवायला कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, एवढेच तू फोनवर विचारलेस. त्याचे उत्तर थोडक्यात देता येईल, परंतु स्टोरेज आणि सॉफ्टवेअर यांच्यामधला सांधा पक्का बसला नसेल तर उत्तमातले उत्तम सॉफ्टवेअरही आपल्याकडच्या पहिल्या पावसातच रडू लागते, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहीत आहे.

आधी तुझ्या प्रश्नाचे उत्तर. तुझ्या स्टोरेजवर डॉकर (सॉफ्टवेअर स्वतंत्र डब्यात चालवण्याची सोय) चालत असेल तर सॉफ्टवेअर त्याच्यावरच बसव. म्हणजे फाइली वाचण्यासाठी त्याला नेटवर्कवरून जावे लागत नाही आणि अर्ध्या अडचणी उद्भवतच नाहीत. केवळ संगीतासाठी नॅव्हिड्रोम मला पुरेसे वाटते. ते हलके आहे, ब्राउझरमध्ये उघडते आणि सबसॉनिक या संगीत-सर्व्हरच्या पद्धतीने चालणारी फोनवरची अनेक ॲप त्याच्याशी बोलतात. चित्रपटही ठेवणार असलास तर जेलीफिन घे. टीव्हीवर कोडी चांगले चालते. ॲम्प्लिफायरला रास्पबेरी पाय हा छोटा संगणक जोडून नीट ऐकायचे असेल तर लिरिऑन म्युझिक सर्व्हर किंवा एमपीडी पाहा. आवडले नाही तर यांतले काहीही पुढे बदलता येते, त्यामुळे या निवडीचा फार घोळ घालू नकोस.

सॉफ्टवेअर वेगळ्या संगणकावर असेल तर मात्र पुढचे लक्षपूर्वक वाच. राउटरमध्ये जाऊन स्टोरेजला एक कायमचा आयपी पत्ता राखून ठेव, समजा १९२.१६८.१.२०. वीज गेली आणि आली की राउटर नवे पत्ते वाटू शकतो, आणि पुष्कळ सॉफ्टवेअरे प्रत्येक गाणे त्याच्या पाथवरूनच, म्हणजे फाइलीच्या पूर्ण पत्त्यावरूनच, ओळखतात. पाथमधला एक शब्द जरी बदलला तरी जुने गाणे गेले आणि नवे आले असा त्यांचा समज होतो आणि आवडीच्या खुणा, किती वेळा ऐकले याची नोंद, प्लेलिस्ट हे सारे त्याबरोबर जाते. फोल्डरची रचना आणि नावे म्हणूनच पहिल्याच दिवशी ठरव आणि नंतर त्यांना हात लावू नकोस. विंडोजवर सॉफ्टवेअर पार्श्वभूमीत सर्व्हिस म्हणून चालणार असेल तर त्याला नेटवर्कवरचा फोल्डर जोडून केलेला झेड ड्राइव्ह दाखवून उपयोग नाही, कारण असा जोडलेला ड्राइव्ह लॉगिन केलेल्या युजरपुरताच असतो आणि सर्व्हिसला तो दिसत नाही. तेथे दोन उलट्या तिरक्या रेघांनी सुरू होणारा संपूर्ण नेटवर्क पाथच द्यावा लागतो.

सॉफ्टवेअरसाठी स्टोरेजवर वेगळा युजर कर आणि त्याला संगीताच्या शेअरवर (नेटवर्कवर खुल्या केलेल्या फोल्डरवर) केवळ वाचण्याची परवानगी दे. वाजवणाऱ्याला लिहिण्याचे कारण नाही. एखाद्या जुन्या प्लेअरला एसएमबीची (नेटवर्कवर फाइली वाटण्याच्या पद्धतीची) पहिली आवृत्तीच कळत असली तरी त्याच्यासाठी ती चालू करू नकोस. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेला वॉनाक्राय हा घातक प्रोग्रॅम त्याच आवृत्तीतल्या भोकातून शिरला होता आणि त्याने लोकांच्या फाइली कुलूपबंद केल्या होत्या. आपल्या संग्रहातली निम्मी रेकॉर्डिंगे पुन्हा कोठेही मिळणार नाहीत, हे लक्षात ठेव.

आता जे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते सांगते. जूनपासून आपल्याकडे वीज दिवसातून कितीदा जाते हे तुला सांगायला नको, आणि ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडच्या गावांनी अंधारात किती दिवस काढले तेही तू पाहिले आहेस. वीज परत आली की राउटर, स्टोरेज आणि संगणक एकाच वेळी जागे होत नाहीत. फिरत्या डिस्का असलेल्या स्टोरेजला उठायला वेळ लागतो आणि रास्पबेरी पाय त्याच्या कितीतरी आधी तयार होतो. लिनक्समध्ये शेअर ज्या फोल्डरवर माउंट करायचा, म्हणजे जोडायचा, तो फोल्डर संगणकाच्या स्वतःच्या डिस्कवर आधीपासूनच असतो. शेअर जोडला गेला नसला तरी तो फोल्डर दिसतो, फक्त रिकामा दिसतो. सॉफ्टवेअर उठते, स्कॅन करते, तेथे एकही गाणे नाही असे पाहते आणि सगळी यादी पुसून टाकू शकते. फाइली स्टोरेजवर सुखरूप असतात, पण तू वर्षभर लावलेल्या प्लेलिस्ट गेलेल्या असतात, आणि तासाभराने सगळे सुरळीत दिसू लागल्यामुळे नेमके काय झाले हे कळतही नाही.

यावर एक साधा उपाय आहे. शेअर समजा नॅस नावाच्या फोल्डरवर माउंट केलास, तर सॉफ्टवेअरला लायब्ररी म्हणून तो फोल्डर दाखवू नकोस, शेअरच्या आत असलेला संगीत हा फोल्डर दाखव. शेअर जोडला नसेल तेव्हा नॅस रिकामा दिसेल, पण संगीत हा फोल्डर मुळी अस्तित्वातच नसेल. रिकाम्या फोल्डरवर सॉफ्टवेअर विश्वास ठेवते, पण मूळ फोल्डरच सापडला नाही तर पुष्कळ सॉफ्टवेअरे स्कॅन अर्धवट सोडतात आणि यादी जशीच्या तशी ठेवतात. त्याच्या जोडीला शेअर माउंट झाल्याशिवाय सॉफ्टवेअर सुरूच होऊ नये अशी अट सिस्टिमडीमध्ये (लिनक्समध्ये सॉफ्टवेअरे सुरू करणाऱ्या व्यवस्थेत) घाल. शिवाय स्टोरेजला यूपीएस लाव आणि त्याची यूएसबी केबलही स्टोरेजला जोड, कारण ती केबल असली तरच बॅटरी संपण्यापूर्वी स्टोरेज स्वतःहून नीट बंद होते. पुष्कळ जण नुसती वीज देतात आणि ती केबल खोक्यातच राहते.

नवे गाणे टाकले तरी यादीत का दिसत नाही, असे तू विचारशीलच. स्वतःच्या डिस्कवर काही बदलले तर लिनक्स सॉफ्टवेअरला लगेच कळवते, पण नेटवर्कवरच्या शेअरमध्ये दुसऱ्या कोणी बदल केला तर ती सूचना येत नाही. म्हणून रोज पहाटे स्कॅन होईल असे वेळापत्रक लाव. पहिले स्कॅन फार सावकाश होईल, त्याने घाबरू नकोस. सीडीच्या दर्जाचे संगीत सेकंदाला जेमतेम १४ लाख ११ हजार बिट मागते, त्यामुळे वाजवायला १०० एमबीपीएसची जुनी केबलही भरपूर झाली. स्कॅनला मात्र हजारो फाइली एकेक उघडून थोडे थोडे वाचावे लागते आणि प्रत्येक वेळी नेटवर्कवरून जा-ये करावी लागते. वायफायवर ही जा-ये आणखी मंदावते. येथे जांभ्याच्या जाड भिंतींमुळे माजघरापर्यंत सिग्नल पोहोचत नव्हता, तेव्हा आपण केबलच टाकली. तुझ्या फ्लॅटमध्येही स्टोरेज आणि वाजवणारा संगणक ही दोन्ही केबलनेच राउटरला जोड.

यादी पुन्हा बनवता येते, हे मात्र कधी विसरू नकोस. सॉफ्टवेअरचा डेटाबेस म्हणजे वाचनालयातली कार्डे. कार्डे जळली तरी कपाटातली पुस्तके वाचून ती पुन्हा लिहिता येतात, पण पुस्तकाचे पहिले पानच फाटलेले असेल तर कार्डावर लिहायचे काय? म्हणून कलाकार, अल्बम, वर्ष, राग ही माहिती सॉफ्टवेअरच्या पडद्यावर भरू नकोस, फाइलींच्या टॅगमध्ये, म्हणजे फाइलीच्या आतच असलेल्या माहितीच्या रकान्यांत, भर. उद्या नॅव्हिड्रोम सोडून दुसरे काही घेतलेस तरी ती माहिती फाइलीबरोबर येईल. आपण सगळे फ्लॅक या फाइल-प्रकारात ठेवले त्याचे हेही एक कारण आहे. आवाजातले काहीही न गमावता तासाभराची सीडी सुमारे ६३५ एमबीवरून साधारण निम्म्यावर येते, आणि फ्लॅकच्या टॅगमध्ये आपल्याला हवे ते नवे नाव देऊन रकाना करता येतो. मी राग आणि ताल असे दोन रकाने केले आहेत. सगळी सॉफ्टवेअरे ते दाखवत नाहीत, म्हणून रागाचे नाव ग्रुपिंग या टॅगमध्येही पुन्हा लिहिले आहे.

नावांच्या बाबतीत कठोर राहा. पं. भीमसेन जोशी, भीमसेन जोशी आणि इंग्रजी लिपीतले तेच नाव, हे सॉफ्टवेअरला तीन वेगळे गायक वाटतात. मी पदव्या वगळून देवनागरीत एकच रूप ठेवले आहे, तेच तू चालव. अनेक गायकांच्या अल्बममध्ये अल्बम आर्टिस्ट हा टॅग भरला नाहीस तर एका नाट्यसंगीताच्या सीडीचे दहा तुकडे होऊन यादीभर विखुरतात.

देवनागरीत याहून सूक्ष्म अडचण आहे आणि ती डोळ्यांना दिसत नाही. यादीत ‘वारकऱ्यांची भजने’ हा अल्बम दोनदा दिसू लागला तर शुद्धलेखनात चूक शोधत बसू नकोस. त्यातला ऱ संगणकात तीन तऱ्हांनी लिहिला जातो: एकच सबंध अक्षर म्हणून, र आणि त्याखाली नुक्ता (टिंब) अशा दोन चिन्हांनी, किंवा पाय मोडलेल्या र पुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर तिन्ही अगदी सारखी दिसतात, पण तुलना करणाऱ्या सॉफ्टवेअरला ती वेगवेगळी वाटू शकतात. जुन्या मॅकची फाइलव्यवस्था फाइलींच्या नावांतला सबंध ऱ फोडून दुसऱ्या रूपात ठेवत असे, त्यामुळे तुझ्या मामाकडून आलेल्या फोल्डरांत हे हमखास आढळेल. ‘ॲ’ हे अक्षरही असेच एकाहून अधिक तऱ्हांनी लिहिले जाते. मी कलाकारांची आणि अल्बमांची नावे एका साध्या मजकूर-फाइलीत ठेवली आहेत, आणि टॅग भरताना नाव टाइप न करता तेथूनच उचलते. ती फाइल संगीत फोल्डरमध्येच आहे.

विकत घेतलेल्या सीडींची माहिती म्युझिकब्रेन्झ पिकार्ड हे टॅग भरणारे सॉफ्टवेअर पुष्कळ अंशी शोधून देईल. शिमग्यातले नमन, गौरीगणपतीतली जाखडी आणि आजोबांनी देवळात टेपवर घेतलेली भजने यांची माहिती मात्र कोणत्याही डेटाबेसमध्ये असणार नाही. त्यांतल्या कॅसेटींवर आजोबांनी पेन्सिलीने लिहिलेली वाडीची आणि गाणाऱ्यांची नावे मी कॉमेंटच्या टॅगमध्ये अक्षरशः उतरवली आहेत. पिकार्डला या फोल्डरवर चालवू नकोस, ते भलत्याच अल्बमशी जुळवून त्यांवर दुसरी नावे लिहील. म्हणून तो फोल्डर मी घरचे ध्वनिमुद्रण या नावाने वेगळा ठेवला आहे.

शेवटी प्रतींविषयी. दोन्ही डिस्कांवर तेच ते लिहिणारी रेड १ ची व्यवस्था एक डिस्क बिघडली तर वाचवते, पण चुकून पुसलेली फाइल ती दोन्ही डिस्कांवरून तत्परतेने पुसते, त्यामुळे तिला बॅकअप समजू नकोस. तुझ्याकडचा संग्रह हा माझ्या संग्रहाचा गावाबाहेरचा बॅकअप आहे आणि माझा तुझ्या संग्रहाचा, असेच आपण धरून चालू. येत्या रविवारी तुझे बाबा रत्नागिरीस येत आहेत, त्यांच्याबरोबर डिस्क पाठवते. सगळे उतरवून घेतल्यावर डिस्क परत करण्यापूर्वी फ्लॅकची चाचणी पूर्ण संग्रहावर चालव. प्रत्येक फाइलीत मूळ आवाजाचा एमडी५ ठसा साठवलेला असतो, त्याच्याशी ताडून एखादी फाइल वाटेत बिघडली असेल तर ती चाचणी नावानिशी सांगते. अशा फाइलींची नावे मला कळव, त्या मी येथून पुन्हा पाठवीन. त्यानंतरच स्टोरेजवर केवळ वाचण्याचा युजर करून सॉफ्टवेअर जोड, आणि यूपीएस मिरग लागायच्या आत आण, पाऊस सुरू झाला की दुकानांत तो मिळेनासा होतो.

तुझी,
आई