तुमच्या दुबई सहलीचं पत्रक आणि माझी चांदीची वीट

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: सहलीच्या पत्रकातल्या चुकीच्या माहितीमुळे झालेलं ३२,९४० रुपयांचं नुकसान

मंगळवारी संध्याकाळी तुमच्या कार्यालयाशी माझं पाचव्यांदा फोनवर बोलणं झालं. ते ऐकल्यावर हे पत्र लिहायला बसलो आहे. सहावा फोन मी करणार नाही.

नोव्हेंबर २०२४ मधली तुमची सहा दिवसांची दुबई सहल. मी आणि माझी पत्नी होतो. हॉटेल, जेवण, वाळवंटातली सफर, कशाबद्दलही तक्रार नाही. तक्रार आहे ती निघण्याआधी कोल्हापूरच्या बैठकीत तुम्ही प्रत्येकाच्या हातात ठेवलेल्या गुलाबी पत्रकाबद्दल. दुसऱ्या पानावर ‘खरेदी’ या मथळ्याखाली तीन ओळी आहेत. दुबईत चांदी भारतापेक्षा २० टक्के स्वस्त मिळते. विमानतळावर ५ टक्के व्हॅट, म्हणजे तिथला विक्रीवरचा कर, परत मिळतो. परतताना १० किलोपर्यंत चांदी आणता येते. या तीनपैकी एकही ओळ माझ्या बाबतीत खरी निघाली नाही.

मी हुपरीचा. चाळीस वर्षं पैंजणं घडवली. आमचं काम मजुरीचं. व्यापारी चांदी देतो, आम्ही माल करून वजनानं परत करतो. आयुष्यभर हातातून चांदी गेली, पण स्वतःच्या मालकीची अख्खी वीट कधी घरात आली नाही. मे महिन्यात नातीचं लग्न आहे. तिचं ताट, वाटी, तांब्या आणि पायातले पैंजण माझ्या हातानं, माझ्याच चांदीतून व्हावेत एवढीच इच्छा होती. ‘दुबईत घ्या’ हे तुमच्या पत्रकानं डोक्यात घातलं.

पाचव्या दिवशी बर दुबईहून एक दिरहॅम देऊन होडीनं खाडी ओलांडली आणि तुमच्या टूर मॅनेजरनं आम्हाला पलीकडच्या देरा भागातल्या सोनेबाजारात त्याच्या ओळखीच्या दुकानात नेलं. वीट ओतीव होती. वरच्या अंगाला चांदी थिजताना उठतात तशा बारीक लहरी, कोपऱ्यात ९९९ चा शिक्का, त्याखाली नंबर. काट्यावर हजार ग्रॅम भरून वर थोडी सरस. टंच, म्हणजे चांदीची शुद्धता, मला कुणाला विचारावा लागला नाही, माल चोख होता. किंमत ३,७२० दिरहॅम, म्हणजे आपले साधारण साडेपंच्याऐंशी हजार. पैसे देण्याआधी मी तुमच्या माणसाला दोनदा विचारलं, ‘कस्टम ड्युटी लागेल का?’ दोन्ही वेळा उत्तर एकच: ‘काका, दहा किलो चालतं, तुमची एकच किलो आहे.’

हा दहा किलोचा आकडा कुठून आला ते मला मुंबईच्या विमानतळावर कळलं. जो प्रवासी किमान सहा महिने परदेशात राहून येतो, त्याला दहा किलोपर्यंत चांदी सवलतीच्या दरानं ड्युटी भरून आणता येते, आणि ती ड्युटीही परकी चलनात भरायची असते. तुम्ही ‘दहा किलो’ तेवढं उचललं. ‘सहा महिने’ सोडलं, ‘ड्युटी भरून’ सोडलं. तुमची सहल सहा दिवसांची आहे. सहा दिवसांनी परतणाऱ्याला एक तोळ्याची वीटसुद्धा ड्युटीशिवाय आणता येत नाही, आणि ती ड्युटी तेव्हा ३८.५ टक्के होती. इतकी वर्षं दुबईच्या सहली नेणाऱ्या कंपनीला हे माहीत नाही, यावर माझा विश्वास बसत नाही.

व्हॅटचंही तेच. तुमच्या माणसानं दुबईच्या विमानतळावर आम्हाला पाऊण तास परताव्याच्या रांगेत उभं केलं. खिडकीवरच्या मुलीनं पावती बघून सांगितलं की यावर व्हॅट लावलेलाच नाही. गुंतवणुकीच्या ९९ टक्क्यांहून शुद्ध चांदीला तिथं शून्य दर आहे. जे भरलंच नाही ते परत काय मिळणार?

आणि ते २० टक्के. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात आपल्याकडे सोन्याचांदीवरचं आयात शुल्क १५ टक्क्यांवरून ६ वर आलं. त्यानंतर तिथल्या आणि इथल्या भावात तेवढं अंतर राहिलंच नव्हतं. त्या आठवड्यात आमच्याकडे किलोचा भाव जीएसटी धरून ९३-९४ हजार होता. मला तीच वीट ड्युटीसकट १ लाख १८ हजार ५०० ला पडली. पत्रकावर तारीख नाही. किती वर्षं तेच छापताय?

मुंबईत मी रेड चॅनेलला, म्हणजे ड्युटीचा माल दाखवायच्या वाटेनं, गेलो. टेबलावर वीट आणि पावती ठेवली. अधिकारी नीट बोलले. म्हणाले, स्वतःहून दाखवलीत म्हणून जप्तीचा प्रश्न नाही, ड्युटी भरा, किंवा वीट पावतीवर इथंच ठेवा आणि पुन्हा परदेशी जाताना घेऊन जा. आम्ही पुन्हा कधी जाणार? रात्री दीड वाजता मुलाला उठवून पैसे मागवले. पत्नी ट्रॉलीवरच्या बॅगेला टेकून बसली होती. तिचा गुडघा सुजला होता. तेवढ्यात तुमच्या माणसाचा फोन आला की कोल्हापूरची बस थांबणार नाही. बस गेली. आम्ही सकाळी एसटीनं आलो.

आता मंगळवारचा फोन. पहिल्या चार फोनमध्ये ‘नोंद घेतली’, ‘पत्रक फक्त माहितीसाठी असतं’, ‘तो मॅनेजर आमच्या पगारावर नाही’, ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ एवढं ऐकलं होतं. पाचव्यांदा वरिष्ठ म्हणून एक गृहस्थ बोलायला आले. त्यांनी विचारलं, ‘काका, ग्रुपमध्ये चांदी अजून किती जणांनी घेतली?’ मी म्हटलं, माझ्या माहितीत मला धरून सात जणांनी. ‘मग बाकी सहा जणांची तक्रार कशी नाही आली?’ मी म्हटलं, ते ग्रीन चॅनेलनं, म्हणजे दाखवण्यासारखं काही नसलेल्यांच्या वाटेनं, निघून गेले. त्यावर त्यांचे शब्द: ‘तेच म्हणतोय मी. तुम्ही रेडला गेलात कशाला? कुणी सांगितलं होतं तुम्हाला?’ मला काही सुचेना. मी म्हटलं, ड्युटीचा माल असेल तर तिकडेच जायचं असं तिथं लिहिलंय. ते म्हणाले, ‘काका, एवढं सरळ राहून चालत नाही. तुम्ही हौसेनं भरलेले पैसे कंपनी कशी देणार?’ मागे कुणीतरी हसलं. तो आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

साहेब, चाळीस वर्षं मी दुसऱ्याची चांदी सांभाळली. दुकानाची झाडलोट करून त्यातला कणसुद्धा वजनात धरून परत दिला. त्या सरळपणावर व्यापारी माझ्या हातात कागद न करता पाच-पाच किलो चांदी ठेवत. त्याच सरळपणासाठी तुमच्या कार्यालयात मला हसलं गेलं. ३२ हजारांपेक्षा हे मला जास्त लागलं आहे. उद्या तुमचं ऐकून कुणी ग्रीन चॅनेलनं गेला आणि सापडला, तर त्याची चांदी जप्त होईल, वर दंड बसेल. तेव्हा तुमचे हे वरिष्ठ त्याला काय सांगणार आहेत? पत्रकात दहा किलो तर तुम्हीच छापलंय.

माझ्या मागण्या. ड्युटीचे ३२,९४० रुपये परत करा. भावातला फरक मी मागत नाही, वीट चोख होती आणि घ्यायचा निर्णय माझा होता. ते पत्रक आजपासून वाटायचं बंद करा, आणि नोव्हेंबरच्या सहलीतल्या सगळ्यांना खरा नियम लेखी कळवा. मंगळवारी जे बोलले त्यांनी माझी लेखी माफी मागावी.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवस वाट पाहीन. नंतर कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात जाईन. २०१९ च्या कायद्यानं मला माझ्या जिल्ह्यातच दाद मागता येते आणि एवढ्या रकमेच्या तक्रारीला शुल्कही नाही. वकील न लावता मी स्वतः उभा राहीन.

पुढच्या वर्षी आमच्या गल्लीतली तीन कुटुंबं माझ्या शब्दावर तुमच्याकडे केरळसाठी नाव नोंदवणार होती. त्यांना मी पत्रक दाखवलं आहे.

सोबत: पत्रकाची प्रत, दुकानाची पावती, ड्युटी भरल्याची पावती, एसटीची दोन तिकिटं.

आपल्या नोव्हेंबरच्या दुबई सहलीतला प्रवासी
मु. पो. हुपरी, ता. हातकणंगले, जि. कोल्हापूर