आईच्या कॅल्शियमच्या गोळ्या, बाबांचं पाणी आणि माझा मुतखडा

प्रिय आई आणि बाबा,

काल फोनवर आई सहज बोलून गेली की तिने कॅल्शियमची गोळी बंद केलीय कारण माझा खडा कॅल्शियमचा निघाला, आणि मागून बाबांचा आवाज आला की तेही आता रोज मोजून तीन लिटर पाणी पितायत, आणि मग नेहमीसारखं "तू आराम कर" म्हणून तुम्ही फोन ठेवून पण दिलात. आराम काय कप्पाळ करणार! तुम्ही दोघं एकाच वेळी बोलता आणि मला मधे बोलू देत नाही म्हणून लिहायलाच बसले. लांबलचक होणार आहे, चष्मा लावून सावकाश वाचा.

आधी माझं सांगून टाकते म्हणजे जिवाला घोर नको. मी बरी आहे. तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणत नाहीये, खरंच बरी आहे. स्टेंट निघाला, ऑफिस नेहमीसारखं सुरू झालं, गाडी चालवते, सकाळचं चालणं परत सुरू केलंय. ऑपरेशन म्हणावं तसं काही नव्हतंच, लघवीच्याच वाटेने बारीक दुर्बीण आत घालून लेझरने खडा फोडला, कुठे काप नाही की टाका नाही. त्यामुळे गंमत अशी होते की बाहेरून काहीच दिसत नाही, मग सगळ्यांना वाटतं ही ठणठणीत, आणि कामाला लागल्यावर दुपारपर्यंत मी पार गळून जायचे.

खरं छळलं ते त्या स्टेंटने. किडनीपासून मूत्राशयापर्यंत जी नळी असते ती आतून जेमतेम तीन-चार मिलिमीटरची, खडा फोडताना ती सुजते, आणि सुजून बंद होऊ नये म्हणून तिच्यात एक मऊ प्लास्टिकची नळी ठेवून देतात, दोन्ही टोकांना वेटोळं असलेली, म्हणजे ती जागची हलत नाही. खालचं वेटोळं मूत्राशयाला टोचत राहतं. आत्ता जाऊन आलं तरी परत जावंसं वाटतं, मीटिंगमध्ये सगळं लक्ष दाराकडे. आणि लघवी होत आली की शेवटी शेवटी पाठीत बरगडीखाली अशी कळ यायची की भिंतीला हात टेकून उभं राहावं लागायचं. मला वाटलं आत अजून खडा राहिलाय. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले स्टेंट असला की खालचं दार उघडंच राहतं, मूत्राशय आवळलं की थोडी लघवी उलटी वर किडनीकडे जाते, त्याची ती कळ, जोर लावू नका, सावकाश होऊ द्या. एवढं एक वाक्य घरी जाताना कुणी सांगितलं असतं तर माझ्या कितीतरी रात्री सुखाच्या गेल्या असत्या! तेच लालसर लघवीचं, जिने जास्त चढले की रंग बदलायचा, पडून राहिलं आणि पाणी प्यायलं की परत साफ. स्टेंट असेपर्यंत हे चालायचंच म्हणे, गाठी पडायला लागल्या तर मात्र लगेच कळवायचं. आई, तू तेव्हा व्हिडिओ कॉलवर सारखी विचारायचीस ना की चेहरा का असा ओढलेला, त्याचं उत्तर हे.

स्टेंट काढणं मात्र पटकन झालं, जेल लावून, भूल न देता, मी डोळे मिटून घेतले आणि उघडेपर्यंत झालं पण. त्या संध्याकाळी परत थोडी कळ आली, मग संपलं.

आता उरलीय ती भीती. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात तसं झालंय, परवा वाकून बादली उचलली आणि कंबरेत उसण भरली तर माझा हात आधी मोबाईलकडे, हॉस्पिटलचा नंबर शोधायला. मग जरा थांबून पाहिलं. कूस बदलली की दुखणं कमी-जास्त होतंय, शेकलं की बरं वाटतंय, म्हणजे स्नायूचं. खड्याच्या कळेत असं काही नसतं, तिथे बसून चैन नाही, झोपून नाही, उभं राहून नाही, माणूस नुसता खोलीत येरझाऱ्या घालतो, आणि कळ लाटेसारखी येऊन पाठीतून खाली जांघेत उतरते. हा फरक आता मला झोपेतही कळेल.

बरं, खडा तपासायला दिला होता तो कॅल्शियम ऑक्झलेटचा निघाला, बहुतेकांचा तोच असतो. ऑक्झलेट म्हणजे पालकासारख्या भाज्यांतून पोटात जाणारा एक पदार्थ, तो लघवीत कॅल्शियमला चिकटला की खडा बनतो. नंतर सगळं शांत झाल्यावर चोवीस तासांची लघवी गोळा करायला लावली. तो एक कार्यक्रमच असतो, सकाळची पहिली टाकून द्यायची आणि तिथून पुढे दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिलीपर्यंत एकेक थेंब त्या कॅनमध्ये. सुट्टीच्या दिवशी केलं, घराबाहेर पाऊल नाही. रिपोर्टमध्ये कॅल्शियम ठीक, बाकी पण ठीक, फक्त लघवीच कमी, दिवसभराची मिळून लिटरभर सुद्धा नाही. डॉक्टर म्हणाले एवढ्याशा पाण्यात सगळे क्षार विरघळणार कुठे.

यात नवल काही नाही खरं तर. आई, तुझं-माझं दोघींचं आयुष्य घराबाहेर पाणी न पिण्यात गेलंय, प्रवासाला निघालं की आदल्या तासापासून पाणी बंद, कारण मधे बाथरूम मिळेल का, मिळालं तर आत जाववेल का, दाराला कडी असेल का. ऑफिसात पण तेच, आमच्या मजल्यावरचं बायकांचं बाथरूम बंद पडलं की दोन मजले खाली जायचं, त्यापेक्षा बाटलीला हात न लावणं सोपं वाटतं. आणि पुरुष डॉक्टर निवांत सांगतात की भरपूर पाणी प्या. अहो पिऊ, पण जायचं कुठे? तर आता मी निर्लज्ज झालेय. मीटिंगमधून उठून जाते, गाडी थांबवायला लावते. माझं माप बाटलीचं नाही, रंगाचं आहे, लघवी जवळजवळ पाण्यासारखी फिकी हवी, पिवळी दिसली की प्यायची. दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी व्हायला हवी म्हणजे प्यायला त्याहून जास्त लागतं, घाम आला तर आणखी. बाबा, तुम्हाला आकडे लागतात म्हणून सांगते, इटलीतल्या डॉक्टरांनी १९९६ मध्ये एक अभ्यास छापला होता, पहिल्यांदाच खडा झालेली १९९ माणसं, निम्म्यांना भरपूर पाणी प्यायला सांगितलं, बाकीच्यांना नेहमीसारखंच राहू दिलं. पाच वर्षांत पाणीवाल्यांपैकी १२ जणांना परत खडा झाला आणि दुसऱ्या गटात २७ जणांना. म्हणजे पाण्याने हमी मिळत नाही, पण निम्म्याहून जास्त धोका उतरतो, आणि मला तेवढं पुरे आहे.

आता मुद्द्याचं. आई, तुझी गोळी.

खडा कॅल्शियमचा म्हणजे कॅल्शियम बंद, हे ऐकायला बरोबर वाटतं पण आहे उलटं. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवतं आणि दोन्ही शौचावाटे निघून जातात, किडनीपर्यंत पोचतच नाहीत. कॅल्शियम तोडलं की ते ऑक्झलेट मोकळं सुटतं, रक्तात जातं आणि लघवीत उतरतं. त्याच इटलीवाल्यांनी २००२ मध्ये १२० पुरुष घेतले, सगळे वारंवार खडे होणारे. साठ जणांचं कॅल्शियम कमी केलं, साठ जणांचं नेहमीइतकंच ठेवलं आणि त्यांचं मीठ व मांसाहार कमी केला. पाच वर्षांनी कॅल्शियम तोडलेल्यांत २३ जणांना परत खडा झाला आणि दुसऱ्यांत १२ जणांना! त्यामुळे मी दूध-दही खुशाल खातेय. मीठ मात्र कमी केलंय, कारण मिठाबरोबर लघवीतून कॅल्शियमही जास्त जातं. पालक कधीतरी आणि खाल्लाच तर दह्यासोबत. टोमॅटोच्या बियांचं खूळ मात्र डोक्यातून काढ, टोमॅटोत ऑक्झलेट फारसं नसतंच, बिचारा उगाच बदनाम झालाय. लिंबू चालतं, चांगलंच, त्यातलं सायट्रेट खडा जमू देत नाही, फक्त त्यात मीठ-साखर घालून सरबत करायचं नाही.

तुझी हाडं ठिसूळ झालीयेत म्हणून ती गोळी आहे. तुला खडा नाही. मला खडा झाला म्हणून तू हाडं मोडून घ्यायचीस हा कुठला न्याय? गोळीच्या बाबतीत एक आहे, नुसती रिकाम्या पोटी घेण्यापेक्षा जेवणासोबत घेतलेली बरी, म्हणजे ती जेवणातलं ऑक्झलेट धरते. तू रात्री झोपताना घेतेस ना? तुझ्या डॉक्टरांना एवढंच विचार की जेवणाबरोबर घेऊ का, आणि हेही सांग की माझ्या मुलीला खडा झालाय. पण बंद नको करूस. माझ्यासाठी नको, तुझ्या कंबरेसाठी.

आणि बाबा. तुम्हाला काय म्हणावं! तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलंय, लघवी होण्याची गोळी त्याचसाठी चालू आहे, पायांवरची सूज आत्ता कुठे उतरलीय, आणि तुम्ही माझ्या रिपोर्टवरून स्वतःला तीन लिटर लावून घेतलंत? माझ्या किडनीला जे औषध ते तुमच्या हृदयाला ओझं आहे. जास्तीचं पाणी बाहेर टाकायला तुमचं हृदय कमी पडतं, मग ते पायात साठतं, फुफ्फुसात साठतं. आजच पहिल्या मापावर या, उद्या सकाळी वजन करा आणि मला कळवा, दोन-तीन दिवसांत वजन भरभर वाढलेलं दिसलं किंवा आडवं पडल्यावर दम लागला तर माझ्या फोनची वाट न बघता डॉक्टरांना गाठा. मी चिडलेय असं वाटेल, हो, चिडलेच आहे थोडी.

तुम्हाला काळजी वाटते म्हणून तुम्ही माझं पथ्य पाळायला लागलात हे कळतं मला, आणि हे वाचून तुम्ही एकमेकांकडे बघून हसाल हेही माहितीये. पण पथ्य ज्याचं त्याचं असतं ना बाबा, हे तुम्हीच मला शुगरच्या वेळी शेजारच्या काकूंबद्दल सांगत होतात.

एक गोष्ट तेवढी तुम्हालाही लागू आहे, फ्रिजवर लिहून लावा हवं तर. पाठीत कळ आणि सोबत थंडी वाजून ताप, किंवा लघवी अजिबातच होईना, किंवा उलट्या थांबेनात, तर घरी गोळी घेऊन सकाळची वाट बघायची नाही, तडक हॉस्पिटल. अडलेल्या किडनीत जंतू वाढले की काही तासांत प्रकरण जिवावर बेततं. घरात एकाला खडा झाला की रक्ताच्या नातेवाइकांना होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, म्हणून सांगतेय, घाबरवायला नाही.

माझी सोनोग्राफी काही महिन्यांनी परत आहे, नंतर वर्षातून एकदा. त्या दिवशी फोन करेनच, तोवर रोज सकाळी "दुखत नाही ना" विचारायची गरज नाही, दुसरं काहीतरी विचारा, ऑफिसातलं भांडण विचारा, ते जास्त मजेशीर आहे.

तुमची लाडकी

ता.क. मोठ्या काकांनाही मुतखडा झाला होता ना? त्यांचा खडा तपासला होता का आणि कशाचा निघाला ते विचारून ठेवा, माझ्या डॉक्टरांना हवंय. आणि बाबा, वजन सकाळी चहाच्या आधी करायचं.