सिडकोतल्या आमच्या आशाताईंना

ताई,

समोर आभार मानले की तुम्ही "माझं कामच आहे ते" म्हणून विषय बदलता. म्हणून लिहून कळवतेय. आमची छकुली आता मऊ वरणभात खायला लागली आहे, अंगावर पिणंही चालूच आहे.

तिच्या जन्मानंतर तुम्ही पहिल्यांदा घरी आलात तेव्हा मला नीट पान्हा फुटला नव्हता. येईल तो म्हणायचा, "एवढ्याशा थेंबांनी काय होतंय, वरचं दूध सुरू करा." तुम्ही कुणाशी वाद घातला नाहीत. मला हात धुवायला लावून पिवळट, चिकट दुधाचे चार थेंब वाटीत काढायला लावले आणि ती वाटी सासूबाईंच्या हातात दिलीत. या चिकात आयजीए नावाची प्रतिपिंडं सगळ्यात जास्त असतात, ती बाळाच्या आतड्याच्या अस्तरावर राहून जंतूंना तिथे चिकटू देत नाहीत, हे इतक्या सोप्या शब्दांत सांगितलंत की मधाचं बोट चाटवायचा विषय तिथेच संपला. मग छकुलीची हनुवटी स्तनाला टेकवून, खालचा ओठ बाहेर वळवून तिला कसं धरायचं तेही दाखवलंत. जितकं पाजाल तितकं दूध वाढेल, हे तुमचं वाक्य अजून कानात आहे.

पण खरे आभार डिसेंबरातले. कडाक्याची थंडी, मला सर्दी-ताप, आणि घरात सगळ्यांचं एकच, "आता पाजू नकोस, बाळाला बाधेल." तुम्ही डॉक्टरांना विचारून घेतलंत आणि ठाम सांगितलंत: मास्क लाव, हात धू, पाजणं थांबवू नकोस. आईचं शरीर ज्या जंतूशी लढतं, त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडं दुधातून बाळाला मिळतात. आतड्यात जंतूंची ओळख झालेल्या पेशी गरोदरपणाच्या शेवटी आणि बाळंतपणानंतर रक्तावाटे स्तनात येऊन बसतात आणि तिथेच ही प्रतिपिंडं बनवतात.

त्या दिवसापासून मी यावर मिळेल ते वाचत असते. उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय की मॅक्रोफेज या संरक्षक पेशी कमी असल्या तर दुधाच्या ग्रंथीची वाढच नीट होत नाही. म्हणजे प्रतिकारशक्ती दूध तयार व्हायलाही हातभार लावते! हे तुम्हाला कधी एकदा सांगते असं झालं होतं.

शेजारच्या वहिनींना पुढच्या महिन्यातली तारीख दिली आहे. पहिल्या तासात बाळाला छातीशी घ्यायचं, हे मी त्यांना सांगून ठेवलंय. बाकीचं तुम्ही सांगा. त्यांच्याकडे याल तेव्हा चहा आमच्याकडे.

तुमची,
छकुलीची आई