विषय : केंद्राची फी घेऊन मुलांना घरगुती पाळणाघरात हलवल्याची तक्रार

दिनांक : 20 जुलै

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

तुमच्या अंधेरी पूर्वेच्या पाळणाघर केंद्रातली दीड वर्षाखालच्या मुलांची खोली 1 जुलैपासून गळतीच्या दुरुस्तीसाठी बंद आहे. तेव्हापासून आमची तिन्ही मुलं जोगेश्वरीत एका काकूंच्या वन बीएचकेमध्ये जातात. फी मात्र तीच, महिना 16,500. विचारल्यावर तुमचा प्रतिनिधी म्हणाला, "सेवा तीच आहे, फक्त पत्ता बदललाय." सेवा तीच नाही.

घरगुती पाळणाघर वाईट, असं आमचं मुळीच म्हणणं नाही. लहान बाळाला तिथे दिवसभर एकच ओळखीचा चेहरा दिसतो, मऊ वरणभात ताजा मिळतो, मुलं कमी म्हणून सर्दीखोकलाही कमी फिरतो. काकू मायाळू आहेत, तक्रार त्यांच्याविरुद्ध नाही. पण त्या एकट्या आहेत. केंद्रात एक ताई आजारी पडली तर दुसरी उभी राहते. इथे काकूंना ताप आला की त्यांच्याकडच्या सातही मुलांची सोय बंद. 9 जुलैला तेच झालं आणि निरोप आला सकाळी 7.50 ला, आम्ही चपला घालत असताना. घरगुती पाळणाघराचा दर कमी असतो तो याचमुळे. त्याच काकू थेट आलेल्या पालकांकडून 7,500 घेतात. मग वरचे 9,000 कशाचे?

त्या दिवशी तुम्ही रोज 600 जादा घेऊन घरी 'बदली ताई' पाठवायची तयारी दाखवलीत. पोलीस पडताळणीची पोच मागितली तर "कागद मागाहून पाठवतो." नवीन ताईबरोबर पहिले दोन-तीन दिवस घरातलं कोणीतरी असावं लागतं, बाळ तिला ओळखत नाही आणि तिला बाळाची झोपेची, भुकेची लक्षणं कळत नाहीत. सकाळी आठला फोन करून साडेनऊला बाळ सोपवणं या पर्यायात बसतच नाही.

आता कार्यालयाचा मुद्दा. प्रसूती लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीने आणलेल्या आणि आता सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 मध्ये असलेल्या नियमानुसार 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसात चार वेळा तिथे जाता आलं पाहिजे. जबाबदारी आमच्या कार्यालयाची, पण त्यांनी तुमच्याशी करार केला तो केंद्र सहा मिनिटांच्या चालीवर आहे म्हणून. जोगेश्वरीला रिक्षाने भर दुपारी जाऊन यायला दीड तास जातो. अंगावर पिणाऱ्या बाळाची दुपारची फेरी त्यामुळे संपली आणि सगळा भार काढून ठेवलेल्या दुधावर आला.

त्या दुधाचं काय होतं तेही पाहा. बाटल्या फ्रिजच्या दारात ठेवल्या जातात, जिथे दार उघडलं की तापमान वर जातं. त्या आतल्या बाजूला हव्यात आणि प्रत्येकीवर नाव, तारीख, वेळ हवी. गोठवलेलं दूध फ्रिजमध्ये वितळल्यावर 24 तासांत संपवायचं, पुन्हा गोठवायचं नाही. गरम करायचं ते कोमट पाण्याच्या भांड्यात. मायक्रोवेव्हमध्ये दूध एकसारखं तापत नाही, मधेच पोळणारा घोट राहतो. काकूंना हे कोणी सांगितलेलं नाही. प्रशिक्षण तुम्ही द्यायचं होतं.

सगळ्यात खटकलं ते काकूंकडच्या रोजनिशीचं पान. 16 जुलैला न कळवता दुपारी 1.15 ला गेलो, तर 4 वाजताचं दूध आधीच लिहून ठेवलेलं, मिलीसकट. सगळ्या नोंदी एका पेनाने, एका दमात. त्याआधीच्या पानावर "ताप, पॅरासिटामॉल 1 चमचा." या औषधाचं सिरप 5 मिलीत 120 मिलिग्रॅम आणि 250 मिलिग्रॅम अशा दोन्ही ताकदीत मिळतं. नऊ किलोच्या बाळाला एका वेळी किलोमागे 15 मिलिग्रॅमने 135 मिलिग्रॅम पुरे, त्यामुळे 250 च्या बाटलीतला तोच 5 मिलीचा चमचा जवळजवळ दुप्पट होतो. ताकद, मिली आणि वेळ लिहिल्याशिवाय ती नोंद निरुपयोगी आहे. मुळात पालकांना फोन केल्याशिवाय औषध द्यायचंच नाही, असं तुमच्याच नियमपत्रिकेत छापलंय!

आमच्या मागण्या : 1 जुलैपासून दोन दरांतला फरक परत मिळावा. खोली कधी उघडणार ती तारीख लेखी कळवावी. 31 जुलैपर्यंत ती उघडली नाही तर नोटिशीचा महिना न कापता पूर्ण अनामत परत करावी. दरपत्रकात केंद्र, घरगुती पाळणाघर आणि घरी येणारी ताई यांचे दर वेगळे छापावेत आणि प्रत्येकापुढे किती मुलांमागे किती माणसं आणि बदलीला कोण, हे लिहावं.

15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे सेवेतील त्रुटीची तक्रार जिल्हा आयोगाकडे दाखल करू. पावत्या, करार आणि रोजनिशीच्या पानांचे फोटो सोबत जोडले आहेत.

आपले,
तीन मुलांचे पालक
(अंधेरी पूर्व केंद्र)